समासातला हर्क्युलिस

युरोपीय प्रबोधनकाळाची गोष्ट बहुधा अशी सांगतात : इटलीत प्राचीन ग्रीक-रोमन कला पुन्हा सापडली, ती आल्प्स ओलांडून जर्मनीत गेली आणि तिथली मध्ययुगीन चित्ररीत मागे पडली. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेश्ट ड्यूररची शाईची चित्रे पाहिली की ही गोष्ट पटेनाशी होते. १४९४ मध्ये त्याने इटालियन चित्रकार मांतेन्याच्या दोन पौराणिक मुद्राचित्रांच्या नकला केल्या. बाह्यरेषा त्याने जशाच्या तशा उतरवल्या, पण छायेसाठी मांतेन्या जिथे सरळ समांतर रेघा ओढतो, तिथे ड्यूररच्या रेघा अंगाच्या गोलाईबरोबर वळतात. विषय इटलीचा, हात मात्र जर्मन कारागिराचाच राहिला.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याचे प्रार्थनापुस्तक. ऑग्सबर्गच्या योहान श्योनश्पेर्गरने ते १५१३ मध्ये चर्मपत्रावर छापले. ड्यूररने १५१५ मध्ये चित्रांनी भरलेली पाने आज म्यूनिकच्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात आहेत. एखाद्या पानावर लाल शाई, दुसऱ्यावर हिरवी, कुठे जांभळी. छापील अक्षरांनाही लेखणीने ओढल्यासारखे लपेटे आहेत. ड्यूररची रेघ त्याच चालीने समासात फिरते. कुठे तिची वेल होते, कुठे चेहरा. याच समासांत हर्क्युलिस संतांच्या शेजारी बिनदिक्कत उभा आहे.

हा नुसता फावल्या हाताचा खेळ, असे कुणी म्हणेल. पण येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत ‘आम्हाला मोहात पाडू नकोस’ अशी विनवणी येते आणि तिथेच कोल्हा बासरी वाजवून कोंबड्यांना भुलवतो. पृथ्वी परमेश्वराची आहे असे सांगणाऱ्या स्तोत्राशेजारी पिसांचा पेहराव केलेला अमेरिकेचा मूळ रहिवासी आहे. तो खंड युरोपला कळून जेमतेम पंचवीस वर्षे होत होती. प्रत्येक चित्राचा असा मेळ लागत नाही, हे खरे. लावण्याचा अट्टाहास विद्वानांनी पुष्कळ केला आहे! या समासनक्षीचे नाते प्राचीन रोमशी जोडण्यावरचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. खुद्द रोमन वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियसने देठांतून माणसे उगवणाऱ्या असल्या नक्षीला नावे ठेवली होती. मग हिला प्राचीनतेचा वारसा कसे म्हणावे? पण त्याने नावे ठेवली, याचाच अर्थ रोमनांच्या भिंतींवर ती नक्षी होती. शिस्तबद्ध खांबांइतकीच ही स्वैर कल्पनाही रोमचीच.

१८०८ मध्ये शिळाछापकार स्ट्रिक्सनरने म्यूनिकमध्ये या समासचित्रांचे शिळाछाप काढले तेव्हा मधला मजकूर गाळून टाकला. कोऱ्या चौकटीभोवती तो कोल्हा नुसता गमतीचा वाटू लागला.