एकट्याचा अभ्यास आणि चौघांचा अभ्यास

परीक्षा जवळ आली की घरोघरी एकच उपदेश ऐकू येतो : दार लाव आणि एकटा बसून अभ्यास कर. मित्र जमले म्हणजे गप्पा रंगणार, ही पालकांची भीती निराधार नाही. परंतु दार लावून प्रामाणिकपणे खपणारा विद्यार्थीही पुष्कळदा नापास होतो, आणि आपल्याला बुद्धीच नाही असे मनाशी धरून बसतो. त्याचे खरे उणे कशात असते, यावर अमेरिकेतील एका पाहणीने चांगला प्रकाश टाकला आहे.

१९७० नंतरच्या दशकात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइझमन यांना एक कोडे पडले. कलनगणितात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने मागे पडत. चिनी वंशाचे विद्यार्थी मात्र पुढे जात. प्राध्यापकांना विचारता कोणी घरच्या गरिबीकडे बोट दाखवले, कोणी कच्च्या पूर्वतयारीकडे, तर कोणी जिद्दीच्या अभावाकडे. ट्राइझमन यांनी दोन्ही गटांतील वीस-वीस विद्यार्थी निवडून त्यांचा दिनक्रमच न्याहाळला, तेव्हा यातले एकही कारण टिकेना. मागे पडणारे विद्यार्थी कष्टाळू होते. आठवड्याचे सहा ते आठ तास ते नेमाने अभ्यास करीत, पण एकटे. चिनी वंशाचे विद्यार्थीही आधी एकटेच अभ्यास करीत. मात्र त्यानंतर ते एकत्र जमत, एकमेकांची उत्तरे ताडून पाहत आणि चुका दाखवीत. एखादे उदाहरण कोणालाच सुटले नाही, तर दोष आपल्या बुद्धीचा नसून उदाहरणच कठीण आहे, हे त्यांना उमगे. एकट्याला हा दिलासा कोण देणार?

पुढे १९७८ च्या सुमारास ट्राइझमन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्राधान्याने सामावून घेणारे अभ्यासवर्ग काढले. तेथे सोप्या शिकवणीऐवजी मुद्दाम कठीण उदाहरणे देऊन ती एकत्र सोडवण्यास सांगितले जाई. या वर्गांतील विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

मग चाळीस मुले एकत्र बसवावीत काय? तसे नव्हे. मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्याने दोर ओढण्याचे प्रयोग करून १९१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आठ जण मिळून ओढू लागले, तेव्हा दर माणशी जोर एकट्याच्या जोराच्या जवळजवळ निम्म्यावर आला. काही जोर ताल न जमल्याने वाया जातो, आणि दुसरे ओढतीलच या भरवशावर हातही सैल पडतो. अभ्यासाच्या मंडळातही तेच घडते. म्हणून तिघे-चौघे पुरेत.

या चौघांनी काही नेम पाळावेत. प्रत्येकाने धडा आधी स्वतः वाचावा आणि उदाहरणे स्वतः सोडवून पाहावीत. रिकाम्या हाताने येणारा केवळ उतरवून घेतो. बैठकीची वेळ आणि विषय आदल्या दिवशी ठरावा. मग एकाने पुस्तक मिटून समजावून सांगावे आणि इतरांनी 'असे का?' म्हणून विचारावे. सांगता सांगता जेथे जीभ अडखळते, तेथेच ज्ञान कच्चे असते. सांगण्याची पाळी फिरती ठेवावी, नाही तर हुशार मुलगा गुरुजी होतो आणि बाकीचे श्रोते. पाचामुखी परमेश्वर ही म्हण व्यवहारात खरी असली, तरी पाच जणांनी मान्य केलेले चुकीचे उत्तर बरोबर ठरत नाही. वादाचा मुद्दा वहीत टिपून शिक्षकांकडे न्यावा. शेवटी घरी जाऊन तेच उदाहरण कोणाच्याही मदतीवाचून सोडवावे, कारण परीक्षेच्या बाकावर ज्याचे त्यालाच लिहायचे असते.

पालकांनीही एवढे करावे : ओसरीवर चार मुले वह्या घेऊन बसली आणि आवाज चढला, तर लगेच दटावू नये. क्षणभर कान द्यावा. भांडण क्रिकेटवरून असेल तर मुलांना उठवावे. उदाहरणाच्या एखाद्या पायरीवरून असेल, तर चहा पाठवावा.