पूनम गेटच्या आतले सरकार

अक्कलकोट, मोहोळ किंवा दक्षिण सोलापूर तालुक्यातून सोलापूरला येणारा माणूस एका फेरीत दोन कामे उरकून घेतो. झेडपीत अडकलेला कागद हलवायचा आणि नवी पेठेत कापडचोपड, भांडीकुंडी, लग्नाचा बस्ता बघून संध्याकाळची एसटी धरायची. नवी पेठ ही शहराची बाजारपेठ खरी, पण तिच्या गल्ल्यांतली गर्दी पुष्कळशी ग्रामीण जिल्ह्याची असते. जिल्हा परिषदेचे कार्यालयही तिथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. खेड्यांचे सरकार शहराच्या मध्यावर बसते, आणि ज्यांचे ते सरकार आहे ते लोक तिथे अर्जदार म्हणून येतात. परिषदेच्या पूनम गेटसमोर अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, शिक्षक, कधी अख्खे गाव धरणे धरून बसते. कामे जिथे होतात किंवा अडतात ते कार्यालय, ही परिषदेची ओळख पक्की झाली आहे. मात्र जिल्हा परिषद म्हणजे गावांनी निवडून दिलेले सभागृह, ही ओळख पुसट होत चालली आहे. सोलापूरच्या ग्रामीण भागाचे अलीकडचे सर्वांत मोठे नुकसान मला यात दिसते.

या संस्थेची मूळ कल्पना धाडसी होती. इंग्रजी अमदानीत १८८४ च्या कायद्याने लोकल बोर्डे आली. शाळा, रस्ते, विहिरी, दवाखाने एवढ्यापुरता त्यांचा कारभार होता आणि खरी सत्ता कलेक्टरच्या कचेरीत राहिली. स्वातंत्र्यानंतर बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये त्रिस्तरीय पंचायत राज सुचवले. महाराष्ट्राने वसंतराव नाईक समिती नेमून त्यात स्वतःची भर घातली. या समितीने जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा मुख्य घटक मानला. जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले आणि आमदार-खासदारांनाही तिथे जागा दिली नाही. जिल्ह्याच्या प्रश्नांवर जिल्ह्यातूनच निवडून आलेल्यांनी निर्णय घ्यावा आणि प्रशासनातल्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने तो अमलात आणावा, अशी ही रचना होती. १९६१ चा कायदा १ मे १९६२ पासून लागू झाला आणि लोकल बोर्डाच्या जागी जिल्हा परिषद आली. ‘लोकलबोर्डाची शाळा’ हा शब्द लोकांच्या तोंडून जायला मात्र आणखी बरीच वर्षे लागली.

सोलापूर परिषदेच्या कामाचा पसारा लहान नाही. अकरा तालुके, अकरा पंचायत समित्या, हजाराच्या आसपास ग्रामपंचायती. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाखांवर होती आणि तिच्यातले दोनतृतीयांश लोक खेड्यांत राहत होते. त्यांच्या मुलांसाठी अडीच हजारांहून अधिक प्राथमिक शाळा ही परिषद चालवते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या सीमाभागात त्यांतल्या काही कन्नड माध्यमाच्या आहेत, उर्दू शाळाही आहेत. मुलाला घरच्या भाषेत पहिले अक्षर शिकवायचे, हे या शाळांनी कसलाही गाजावाजा न करता केले आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी त्यातली निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. एका शिक्षकाच्या कर्तृत्वावरून सगळ्या शाळांची गुणवत्ता ठरत नाही, हे मान्य. तरी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडण्याची त्यांची खटपट सुरू झाली ती झेडपीच्या खेड्यातल्या वर्गात.

आषाढी वारीत या यंत्रणेची ताकद एकवटलेली दिसते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी माळशिरस तालुक्यात धर्मपुरीला जिल्ह्यात प्रवेश करते. पुढे नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. तुकाराम महाराजांची पालखी अकलूजवरून येते. काही हजार वस्तीच्या गावात एका रात्रीसाठी लाखो माणसे उतरतात. विहिरींचे शुद्धीकरण, टँकर, फिरती शौचालये, आरोग्य पथके, दिवाबत्ती, पालखी पुढे गेल्यावरची सफाई, यांचा मोठा भार ग्रामपंचायती आणि जिल्हा परिषदेचे कर्मचारी उचलतात. कोणत्या विहिरीचे पाणी पिण्याजोगे आहे, कोणाचे रान मुक्कामाला मिळेल, पाऊस आला तर कुठल्या शाळेत माणसे हलवायची, ही माहिती गावाकडेच असते आणि मंत्रालयातून ती पुरवता येत नाही. स्थानिक स्वराज्याची बाजू मांडायला मला याहून भक्कम पुरावा सापडत नाही.

एवढी क्षमता असलेल्या संस्थेचे अधिकार मात्र वर्षानुवर्षे झिरपत गेले. नियोजनाची सूत्रे पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा नियोजन समितीकडे गेली. ज्या आमदारांना १९६१ च्या कायद्याने दूर ठेवले होते, ते या वाटेने निधीवाटपात परत आले. परिषदेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः जमीन महसुलावरचा उपकर, मुद्रांक शुल्कातला वाटा आणि किरकोळ जमा. या सेस फंडातूनही समाजकल्याण, महिला व बालकल्याण आणि दिव्यांगांसाठी ठरलेले टक्के बाजूला काढावे लागतात. ही तरतूद योग्यच आहे, पण उरलेल्या रकमेत अकरा तालुक्यांची मागणी बसत नाही. बाकी पैसा राज्याकडून किंवा केंद्राकडून येणारा, म्हणजे शीर्ष आणि अटी आधीच ठरलेल्या. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून निधी थेट ग्रामपंचायतींना दिला. गावांच्या दृष्टीने ते चांगलेच झाले, मात्र मधले दोन स्तर कोरडे पडले. पंधराव्या आयोगाच्या काळात ग्रामपंचायतीला ऐंशी, पंचायत समितीला दहा आणि जिल्हा परिषदेला दहा टक्के अशी वाटणी झाली. दोन गावांमधला रस्ता, चार गावांची मिळून पाणीयोजना, आरोग्य केंद्राची इमारत ही कामे एकट्या गावाच्या आवाक्यातली नसतात. त्यांच्यासाठी मधला स्तर सक्षमच हवा.

मार्च २०२२ मध्ये परिषदेची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. घटनेच्या कलम २४३-ई नुसार पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. ओबीसी आरक्षणाचा वाद आणि गटांची, म्हणजे परिषदेच्या मतदारसंघांची, पुनर्रचना यांत ती अडकली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास बजावले, तोवर तीन वर्षे उलटून गेली होती. प्रशासकाच्या काळात फायली लवकर सुटल्या, टक्केवारी थांबली, असे म्हणणारे अनेक भेटतात. काही अधिकारी मनापासून काम करतात, यात शंका नाही. पण अधिकाऱ्याने वेगाने घेतलेला निर्णय चुकीचा ठरला, तर जाब विचारायला सभागृह लागते. २०१७ मध्ये निवडून गेलेले ६८ सदस्य सगळेच अभ्यासू नसतील, तरी आपल्या गटातला बंद पडलेला दवाखाना सर्वसाधारण सभेत अधिकाऱ्यासमोर मांडण्याची सोय होती. २०२२ च्या अखेरीस अक्कलकोट तालुक्यातल्या काही सीमावर्ती ग्रामपंचायतींनी रस्ते, पाणी, सुविधा मिळत नाहीत म्हणून कर्नाटकात जाण्याचे ठराव केले. त्यांची गाऱ्हाणी जुनी होती आणि सभागृह असते तरी ती लगेच मिटली नसती. पण गावे इतक्या टोकाला आली, तेव्हा त्यांचे म्हणणे जिल्ह्याच्या ठिकाणी मांडायला त्यांचा एकही निवडून दिलेला सदस्य नव्हता.

प्रशासकच बरा, या म्हणण्यापेक्षा दुसरा आक्षेप कठीण आहे. जिल्हा परिषद म्हणजे साखर कारखानदार घराण्यांची प्रशिक्षणशाळा आणि ठेकेदारांचे कुरण, असे म्हटले जाते. सोलापूर जिल्ह्यात हे सरसकट नाकारता येणार नाही. पक्ष बदलतात, आघाड्या बदलतात, आडनावे बरीचशी तीच राहतात. पण निवडणूक थांबल्याने घराण्यांची सत्ता गेली का? कारखाना, दूध संघ, बँक, आमदारकी त्यांच्या हातात राहिलीच. थांबली ती गटातून नव्याने पुढे येऊ पाहणाऱ्याची वाट. २०११ पासून या संस्थांत निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. सुरुवातीला कितीतरी ठिकाणी नवऱ्यानेच कारभार हाकला, हे खरे. तरीही पंचायत समितीत पाच वर्षे बसलेली बाई दुसऱ्यांदा स्वतःच्या हिमतीवर प्रश्न विचारते, आणि ही वाट विधानसभेच्या तिकिटातून अजून तितकी खुली झालेली नाही. दुसरीकडे अकलूजने नगरपालिकेसाठी आणि नातेपुत्याने नगरपंचायतीसाठी आंदोलन केले आणि २०२१ मध्ये ही मोठी गावे परिषदेच्या कक्षेतून बाहेर पडली. निधी आणि अधिकार तिथे जास्त मिळणार असतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा? पण ऐपतीची गावे अशी एकेक करून निघून गेली, तर मागे राहतील ती सांगोल्याची, मंगळवेढ्याच्या दक्षिण भागाची, करमाळ्याची पाण्याला आसुसलेली गावे, आणि त्यांच्यासाठी भांडणारी संस्था आणखी दुबळी होईल.

म्हणून मागणी दोन्ही बाजूंनी व्हायला हवी. राज्याने नियोजनाचे आणि निधीचे अधिकार जिल्हा परिषदेला परत द्यावेत, आणि मुदत संपण्याआधी निवडणूक घेण्याचा घटनेचा दंडक पुन्हा कधीही मोडू नये. गावकऱ्यांनीही आपल्या हातातले हत्यार गंजू देऊ नये. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते. तिथे मांडून मंजूर झालेला ठराव पंचायत समितीकडे आणि पुढे परिषदेकडे लेखी जातो, त्याची पोच मागता येते. आपला गट कोणता, सदस्य कोण, मागच्या सर्वसाधारण सभेत त्याने काय मांडले, हे विचारा. पुढच्या खेपेला नवी पेठेतली खरेदी आटोपून पूनम गेटमधून आत जाल, तेव्हा अर्जासोबत ग्रामसभेच्या ठरावाची प्रतही घेऊन जा.