जानेवारीतलं छोटं सत्र

अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पहिलं सत्र डिसेंबरात संपतं. मग रिकाम्या जानेवारीचं काय करायचं? फ्लोरिडातल्या आजच्या एकर्ड कॉलेजने १९६०च्या दशकाच्या आरंभीच तोडगा काढला: दोन सत्रांच्या मध्ये एक महिना, आणि त्यात एकच विषय.

एमआयटीत १९७१पासून हा महिना आणखी मोकळा आहे. कुणी श्रेयांक मिळवतं, कुणी प्रयोगशाळेत राबतं. विद्यार्थी स्वतःही वर्ग घेतात. कोड्यांची ‘मिस्टरी हंट’ स्पर्धा १९८१पासून याच दिवसांत रंगते.

खरं मोल आहे ते सलग वेळेचं. चार-पाच विषयांची ओढाताण नसली की विद्यार्थी एका प्रश्नात बुडून जाऊ शकतो आणि प्राध्यापकालाही नवा अभ्यासक्रम आजमावता येतो.

मात्र त्यासाठी ऐन थंडीत वसतिगृहं, खानावळी चालू ठेवाव्या लागतात.