द्रोणागिरीचा आराखडा आणि दिल्लीच्या योजना

पंचवार्षिक योजना म्हणजे नेहरूंनी रशियाहून उचललेली कल्पना आणि दिल्लीतून सुटलेले फर्मान, असे आजही सर्रास बोलले जाते. पहिले विधान तारखा पाहिल्या तरी टिकत नाही. विश्वेश्वरय्यांनी भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवर पुस्तक लिहिले १९३४ मध्ये. काँग्रेसची राष्ट्रीय नियोजन समिती १९३८ ची. ती सुभाषबाबूंनी नेमली आणि नेहरू तिचे अध्यक्ष झाले. १९४४ मध्ये पंधरा वर्षांत दहा हजार कोटी रुपये गुंतवण्याचा आराखडा पुढे आला तो तर मुंबईच्या नावानेच ओळखला जातो, आणि त्यावर सह्या आहेत टाटा, बिर्ला, पुरुषोत्तमदास ठाकुरदास अशा उद्योगपतींच्या. पायाभूत कामांत सरकारने उतरावे, हे भांडवलदारही म्हणत होते, कारण तेवढे भांडवल आणि तेवढा धीर त्या वेळी दुसऱ्या कोणाकडे नव्हता. दुसऱ्या योजनेत संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी अवजड उद्योगांना दिलेल्या झुकत्या मापावर रशियाची छाप आहे, हे मान्यच करायला हवे. पण त्याच काळात मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ सी. एन. वकील आणि ब्रह्मानंद आधी धान्य आणि कापड वाढवा, असे ठासून मांडत होते. फर्मानावर असा वाद होत नसतो.

दिल्लीने सगळे ठरवले, हा दुसरा समज तपासायचा तर द्रोणागिरीसारखी जागा नाही. पत्त्यात कोणी पनवेल लिहितात, कोणी नवी मुंबई. तालुका मात्र उरणचा. या भागाच्या विकासाचे सूत्र पुण्यात तयार झाले. १९६५ मध्ये राज्य सरकारने मुंबई-पनवेल आणि पुणे या महानगर प्रदेशांच्या नियोजनाची तत्त्वे ठरवण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष धनंजयराव गाडगीळ तेव्हा गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक होते. मुंबईत आणखी उद्योग कोंबू नका, खाडीपलीकडे अडीच लाखांहून कमी वस्तीची अनेक केंद्रे उभी करा, अशी या समितीची शिफारस होती. द्रोणागिरी हा अशाच केंद्रांपैकी एक नोड. १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा आणि १७ मार्च १९७० ला स्थापन झालेले, नवी मुंबई उभारणारे सिडको महामंडळ या याच वाटेवरच्या पायऱ्या. गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. राज्यांना केंद्राची मदत मर्जीनुसार न वाटता लोकसंख्येला साठ टक्के वजन देऊन वाटावी, हे सूत्र त्यांच्याच नावाने १९६९ पासून चालले. म्हणजे विचार पुण्याहून दिल्लीकडे गेला.

यावर आक्षेप येतो की एवढे नियोजन करून मिळाले काय? १९५० ते १९८० या काळात वाढीचा दर साडेतीन टक्क्यांच्या आसपासच राहिला, हे खरे. मात्र त्याआधीच्या अर्ध्या शतकात तो जेमतेम एक टक्का होता, हे कोणी सांगत नाही. परवान्यांचा जाच १९५१ च्या औद्योगिक कायद्यातून आला. योजनेने त्याला बळ दिले, तरी योजना आणि परवाना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारचे न्हावा-शेवा बंदर सातव्या योजनेच्या काळात, १९८९ मध्ये, सुरू झाले. पुढे देशाच्या मोठ्या बंदरांतल्या कंटेनर वाहतुकीचा जवळपास निम्मा भार त्याने उचलला.

खरी चूक शोधायची तर बंदराच्या वाटेवरच्या करळ फाट्याकडे पाहावे. बंदर आधी आले. लोकल उरणला पोहोचली जानेवारी २०२४ मध्ये. मधली साडेतीन दशके कंटेनर ओढणारे ट्रेलर आणि कामावर निघालेली माणसे एकाच रस्त्यावर खोळंबत राहिली. याचा दोष अति नियोजनाला देता येत नाही. आराखडा होता, तो क्रमाने अमलात आला नाही. त्याहून मोठी चूक जमिनीची. पंचाण्णव गावांच्या भातशेतीवर आणि मिठागरांवर नवी मुंबई बेतली गेली, आणि त्या आगरी-कोळी घरांना आराखड्यात वाटा नव्हता. जानेवारी १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठी जासई परिसरात झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील यांनी लढा रेटला, तेव्हा संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पदरात पडली. आज महाराष्ट्रभर आदर्श म्हणून सांगितला जाणारा हा नियम कोणत्याही मूळ आराखड्यात नव्हता. तो शेतकऱ्यांनी मिळवला.

नियोजन आयोग गुंडाळून १ जानेवारी २०१५ ला नीती आयोग आला आणि नियोजनाचे युग संपले, असेही म्हटले जाते. संपल्या त्या पंचवार्षिक योजना, नियोजन नव्हे. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी नव्या शहराचे प्राधिकरण म्हणून एमएमआरडीएची नेमणूक झाली. या गावांनी आराखड्याचे नकाशे आताच मागवावेत, गावठाणाची हद्द, रेल्वेची तारीख आणि जमिनीतला आपला वाटा हे तिन्ही लेखी घ्यावे, आणि त्यानंतरच संमतीची सही करावी.