एक पायरी अडली तर?

बालमित्रांनो, डाळ-दुधातल्या प्रथिनांत फेनिलॲलनिन नावाचा घटक असतो. यकृताच्या पेशींत एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्याचं टायरोसिन बनवतं. टायरोसिनपासून पुढे केसांचा, त्वचेचा रंग तयार होतो. सगळं कसं पायरीपायरीनं!

पण काही बाळांत जन्मतःच हे विकर नीट काम करत नाही. पाटाला बांध घातला की पाणी मागे तुंबतं ना? तस्संच फेनिलॲलनिन साठतं आणि मेंदूला इजा करतं. १९३४ साली नॉर्वेच्या डॉ. फोलिंग यांनी दोन भावंडांची लघवी तपासून हा आजार ओळखला.

आता टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबांवरून तो कळतो. लगेच खास आहार सुरू केला, तर बाळाचा मेंदू वाचतो. पालकहो, नवजात बाळाच्या या तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा!