एका परवान्यावरचे प्रक्षेपण

ज्या दफ्तरातील शेदोनशे संगणकांचा बाहेरच्या जगाशी सारा व्यवहार फायरवॉल आणि प्रॉक्सी यांच्यामार्फतच होतो, तेथे बाहेर चाललेले एखादे व्याख्यान प्रत्येकाच्या मेजापर्यंत थेट पोचवावे असा हुकूम आला, म्हणजे त्या बंदोबस्ताची खरी प्रकृती कळू लागते. प्रॉक्सी एकाने मागवलेले पान जपून ठेवते व दुसऱ्याने तेच मागितले की जपलेली प्रत त्याच्या हाती देते. परंतु थेट प्रक्षेपण संपलेलेच नसते, मग त्याची प्रत जपावी कशी? साहजिकच सेकंदाला १२८ किलोबिटांचा एकच प्रवाह दोनशे श्रोत्यांसाठी दोनशे वेळा आत येतो, आणि एका भाषणापायी पंचवीस मेगाबिटांहून अधिक वाट अडून राहते.

फायरवॉलची हरकत निराळी. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आरटीएसपी पद्धतीत आज्ञा ५५४ क्रमांकाच्या पोर्टवरून जातात, प्रत्यक्ष ध्वनी मात्र बहुधा यूडीपीच्या पॅकेटांतून, ऐन वेळी ठरलेल्या पोर्टांवर येतो. त्यामुळे पलीकडून होकार मिळतो, पण कानांवर एक अक्षर पडत नाही. आणि फायरवॉलचा लॉग उघडावा तर परतवून लावलेल्या पॅकेटांच्या ओळींवर ओळी भराभर सरकताना दिसतात. अशा वेळी सगळे पोर्ट खुले करण्याची सूचना हटकून पुढे येते. ती मला सर्वथैव अमान्य आहे. घटकाभराच्या सोयीसाठी दिलेली मुभा पुढे वर्षानुवर्षे कोणी काढून घेत नाही.

मूळ प्रक्षेपण आइसकास्टसारख्या प्रणालीवरून एचटीटीपीने येत असेल, तर त्याहून शहाणा मार्ग असा, की आतले जाळे आणि बाहेरचे जग यांच्या मधल्या टापूत एक रिले सर्व्हर बसवावा आणि केवळ त्यालाच, केवळ त्या मूळ प्रक्षेपणाच्या एका पत्त्याच्या ८००० क्रमांकाच्या पोर्टपर्यंत जाण्याचा परवाना द्यावा. मोटेचे पाणी एकदा थारोळ्यात पडावे आणि तेथून पाटाने वाफ्यावाफ्यात जावे, तसा बाहेरून एकदाच आलेला प्रवाह तेथून सर्वांना वाटला जातो. मागणीनुसार चालण्याची तजवीज केली, तर पहिला श्रोता येईपर्यंत रिले बाहेरून काहीही आणत नाही.

नव्याने जोडल्या गेलेल्या श्रोत्याला आइसकास्ट आरंभीच सुमारे ६४ किलोबाइट, म्हणजे या गतीला चार सेकंदांचा ध्वनी, एकदम देऊन टाकतो, म्हणून आवाज ताबडतोब सुरू होतो. मात्र दालनांसमोरून चालत गेले असता वक्त्याचे तेच वाक्य एका दारातून आधी, दुसऱ्यातून किंचित मागाहून ऐकू येते. याची तक्रार होते, पण त्यात यंत्रणेचा दोष काही नाही.

खरी दक्षता घ्यावी लागते ती ब्राउझरांच्या बाबतीत. रिलेचा पत्ता प्रॉक्सीच्या अपवादांत नोंदलेला नसला, तर अगदी शेजारच्या यंत्राकडे जाणारी मागणीही प्रॉक्सीकडे वळते आणि तेथेच नाकारली जाते. म्हणून सर्व संगणक जी मार्गनिश्चितीची फाइल वाचतात, तिच्यात या अपवादाची एक ओळ व्याख्यानाच्या आदल्या दिवशीच घालून ठेवावी.