स्टीअरिंगखालच्या सोळा पिना

वाराणसी कँट स्थानकाबाहेरच्या कोंडीत मे महिन्याच्या दुपारी रेंगाळणाऱ्या मोटारीचे इंजिन किती तापले आहे, हे डॅशबोर्डावरचा काटा ढोबळमानाने सांगतो आणि अलीकडच्या अनेक गाड्यांत तर काटाही उरलेला नाही, नुसता इशाऱ्याचा दिवा आहे; नेमका आकडा मात्र गाडीच्या अंतर्गत जाळ्यात सतत फिरत असतो आणि तो वाचण्याची सोय बहुधा स्टीअरिंगच्या खालच्या बाजूस असलेल्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये केलेली असते.

या जाळ्याला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्यावर काम सुरू केले आणि १९८६ मध्ये डेट्रॉइट येथे ते जाहीर केले. इंजिन, ब्रेक, एअरबॅग यांच्यासाठी असलेल्या स्वतंत्र संगणकांना, म्हणजे ईसीयूंना, वायरींच्या जाडजूड जुडग्याऐवजी एकमेकींभोवती पिळलेल्या दोनच तारांनी जोडावे, ही त्यामागची कल्पना होती. जाळे शांत असताना दोन्ही तारांवर सुमारे २.५ व्होल्ट दाब असतो. ‘शून्य’ पाठवताना एका तारेवरचा दाब ३.५ पर्यंत चढतो आणि दुसरीवरचा १.५ पर्यंत उतरतो, तर ‘एक’ पाठवताना तारा आहेत तशाच राहतात. यातून मोठी सोय साधते, कारण दोन ईसीयू एकाच वेळी बोलू लागले, तर ‘एक’ पाठवणाऱ्याला तारेवर दुसऱ्याचे ‘शून्य’ दिसते आणि तो तिथेच माघार घेतो. शून्यवाल्याचा संदेश अखंड पुढे जातो. प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याचा क्रमांक असल्याने लहान क्रमांकाला आपोआप अग्रक्रम मिळतो, आणि निकडीच्या संदेशाला फार तर चालू संदेश संपेपर्यंत, म्हणजे मिलिसेकंदाच्या अंशभर, थांबावे लागते. कोणी पंच नसताना लागणारा हा निकाल अभियांत्रिकीतील अत्यंत देखण्या युक्त्यांपैकी एक मानावा लागेल.

सॉकेटमधील ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवर हे जाळे भेटते. सॉकेटला जोडलेले वाचनयंत्र, म्हणजे स्कॅनर, त्यांवरून ‘०१ ०५’ अशी विचारणा करतो, म्हणजे ‘चालू माहितीपैकी कूलंटचे तापमान सांगा’. इंजिनचा ईसीयू ‘४१ ०५ ८२’ असे उत्तर देतो. यातील ४१ म्हणजे विचारणेची पोच आणि ०५ म्हणजे तोच विषय. उरलेला ८२ हा आकडा सोळाच्या पायावर लिहिलेला असल्याने नेहमीच्या मोजणीत १३० होतो, त्यातून ४० वजा केले की ९० अंश सेल्सिअस मिळतात. चाळीसची वजाबाकी गोठणबिंदूखालचे तापमानही ऋण चिन्हाविना लिहिता यावे म्हणून आहे.

ही भाषा सर्व कंपन्यांना समान असण्याचे कारण प्रदूषण नियंत्रण हे आहे. अमेरिकेने १९९६ पासून नव्या मोटारींना ‘ओबीडी-२’ ही स्वनिदान व्यवस्था सक्तीची केली आणि भारतातही भारत स्टेजच्या निकषांबरोबर ती आली. कायद्याने उघडलेला हा भाग मात्र लहान आहे. दार उघडे आहे का किंवा स्टीअरिंग किती वळले आहे, हे सांगणारे संदेश कंपनीच्या खासगी संकेतांत असतात. हौशी अभ्यासक दार पुन्हापुन्हा उघडून कोणता अंक बदलतो ते टिपतात आणि त्यातून संकेताचा अर्थ लावतात. अनेक नव्या गाड्यांत मध्ये ‘गेटवे’ नावाचा पहारेकरी ईसीयू बसवलेला असल्याने सॉकेटवर केवळ विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळतात. ही खबरदारी अनाठायी म्हणता येत नाही, कारण २०१५ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधकांनी जीप चेरोकी गाडीत मोबाइल नेटवर्कवरून दूरवरून शिरून तिच्या यंत्रणांवर ताबा मिळवून दाखवला आणि उत्पादकाला सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या.

वाराणसीतच बनारस लोकोमोटिव्ह वर्क्समध्ये बांधल्या जाणाऱ्या डब्ल्यूएजी-९ सारख्या विद्युत इंजिनांतही नियंत्रक संगणकांचे असेच अंतर्गत जाळे असते आणि बिघाडाचा संदेश थेट लोको पायलटच्या पडद्यावर येतो. मोटारचालकाला मात्र बिघाड सुचवणाऱ्या एका पिवळ्या दिव्यावर भागवावे लागते.

तो दिवा लागल्यावर स्कॅनरने दाखवलेला बिघाडाचा कोड म्हणजेच निदान, असा समज गॅरेजांत सर्रास आढळतो. ‘पी०१७१’ हा कोड इंधनाच्या मानाने हवा जास्त आहे एवढेच सांगतो; दोष फाटलेल्या रबरी नळीत असू शकतो, पण बदलला जातो तो महागडा ऑक्सिजन सेन्सर. एकाच वेळी अनेक ईसीयू ‘संपर्क तुटला’ अशी तक्रार करू लागले, तर बॅटरी सोडवून ६ आणि १४ या पिनांमधील रोध साध्या मल्टिमीटरने मोजणे अधिक शहाणपणाचे ठरते. जाळ्याच्या दोन्ही टोकांना प्रत्येकी १२० ओहमचे रोधक समांतर जोडलेले असल्याने तेथे ६० ओहम दिसायला हवेत. १२० दिसले, तर ईसीयू बहुधा ठणठणीत असतात आणि एका टोकाचा रोधक किंवा त्याकडे जाणारी तार तुटलेली असते.